घाट उतरला आणि घाटी झाला

कर्जत-खालापूरच्या माणसाला घाट म्हणजे डोंगर नव्हे, वाट. डोंगराला तो डोंगर म्हणतो, वरच्या सपाटीला माथा आणि सरळ तुटलेल्या भिंतीला कडा. त्या कड्यातून वर जायला जिथे पाय ठरतो, तो घाट. खांडसहून भीमाशंकरला चढणारा शिडी घाट, भिवपुरीच्या अंगाचा कुसूर घाट, लोणावळ्याकडून चावणीच्या रानात उतरणारी कुरवंड्याची वाट आणि या सगळ्यांत थोरला, खोपोलीचा बोरघाट. एखादी वाट अरुंद, लहान असली की ती घाटी. त्या वाटेने वरून खाली येणारा माणूसही घाटीच. शब्द इतका साधा होता. आज मुंबईच्या कॉलेजात, गोव्याच्या बाजारात किंवा पनवेल-उरणच्या गावात तो कोणी कोणाला उद्देशून टाकला, तर ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. मधल्या दीडदोनशे वर्षांत या शब्दाचं जे झालं, त्याचा बराचसा इतिहास याच घाटाच्या पायथ्याशी घडला आहे.

पहिला घोळ परदेशी लोकांनी घातला. सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीजांनी घाटावरच्या मुलखाला बालाघाट हे नाव ऐकलं आणि लिहून ठेवलं. तिथवर ठीक होतं. पुढे युरोपियनांनी, त्यातही इंग्रजांनी, वाटेचं नाव अख्ख्या डोंगररांगेला देऊन टाकलं आणि सह्याद्रीचा 'वेस्टर्न घाट्स' झाला. ही गफलत त्यांच्याच कोशकारांच्या लक्षात आली होती. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशात ती नोंदलेली आहे. पण तोवर नकाशे छापून झाले होते. वाटेचं नाव डोंगराला चिकटलं, आणि मग त्या डोंगरापलीकडच्या सगळ्या माणसांना एकच नाव देणं सोपं झालं.

त्याआधी घाटी आणि कोकणी हे एकमेकांना चिमटे काढायचे शब्द होते. खालच्याने वरच्याला घाटी म्हणावं, वरच्याने खालच्याला कोकण्या. दोघांनाही एकमेकांवाचून चालत नव्हतं. पेण-पनवेलकडचं मीठ बैलांच्या पाठीवरून वर जायचं आणि देशावरचं धान्य खाली यायचं. लमाणांचे तांडे, जकातीची नाकी, पायथ्याला मुक्काम. खोपोलीत नाना फडणविसांनी तळं आणि महादेवाचं देऊळ बांधलं ते याच वर्दळीच्या वाटेवर. घाट ही सरहद्द होती तशी ती पेठही होती. ज्याला तो ठाऊक त्याच्या हाती पारडं. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी कारतलब खानाची फौज उंबरखिंडीत कोंडली, ती जागा आजच्या खालापूर तालुक्यात आहे. खान वरून खाली उतरत होता आणि वाट मावळ्यांच्या ओळखीची होती.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण पुढच्या साऱ्या प्रकरणाचं मर्म तिच्यात आहे. अठराव्या शतकात घाटाची चढण चढून कोकणातली माणसंही वर गेली. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट १७१३ साली पेशवे झाले आणि त्यांच्या मागोमाग कोकणातली शेकडो घराणी पुण्यात, साताऱ्यात, पुढे थेट उत्तरेत नांदली. ती सरदार झाली, कारकून झाली, सावकार झाली. त्यांना वरच्या लोकांनी नावं ठेवली नसतील असं नाही, पण 'कोकणी' या शब्दाचा हलका माणूस असा अर्थ काही झाला नाही. वर गेलेले सत्तेकडे गेले. खाली उतरलेले मजुरीला उतरले. शब्दाचं बरंवाईट तिथे ठरलं.

उतरण्याची सोय इंग्रजांनी केली. १८३० साली सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटातून चाकाची गाडी जाईल असा रस्ता खुला झाला. त्यानंतर आली रेल्वे. १८५३ साली मुंबई-ठाणे सुरू झालेली गाडी १८५६ च्या मे महिन्यात खोपोलीला येऊन थांबली. पलीकडे १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी धावू लागली. मधला घाट तेवढा उरला. त्या पाच वर्षांत खोपोली हे एक विलक्षण गाव असलं पाहिजे. गाडीतून उतरलेले साहेब पालखीत बसायचे, कोणी तट्टावर, कोणी डोलीत आणि उरलेले पायी. सामान माणसांच्या डोक्यावर. वर खंडाळ्याला पुन्हा गाडी. म्हणजे मुंबई-पुणे या प्रवासातला सर्वांत अवघड तुकडा माणसांच्या खांद्यांवरून पार पडत होता.

त्याच वेळी शेजारी लोहमार्गाचं काम चालू होतं. जेम्स बर्कले हा मुख्य इंजिनिअर. पंधरा मैलांहून थोड्या जास्त अंतरात १८३१ फूट चढायचं होतं. पंचवीस बोगदे, दऱ्यांवरचे उंच पूल, आणि चढ इतका खडा की मधे गाडी उलट दिशेने फिरवून पुढे नेण्याचं एक स्थानकच बांधावं लागलं. कड्यावरून दोर सोडून माणसांना खाली लोंबकळत ठेवायचं, त्यांनी सुरुंगाची भोकं पाडायची आणि वर ओढून घेईपर्यंत जीव मुठीत धरायचा, अशी ती पद्धत होती. बायका पाट्यांनी माती वाहत. पावसाळ्यात काम बंद पडे आणि पटकीने तळ रिकामे होत. १८६१ साली एका वेळी ४२,००० च्या आसपास माणसं या घाटात राबत होती. मोठ्या शहराएवढी ही वस्ती होती, पण पालं आणि झोपड्यांची. विल्यम फेविएल हा पहिला कंत्राटदार. त्याच्या कामावर १८५९ च्या जानेवारीत मजुरीवरून दंगा झाला आणि त्याच वर्षी त्याने अंग काढून घेतलं. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरल्यावर काही दिवसांतच वारला. काम मोडलं नाही, कारण त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट आपल्याकडे घेतलं. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रेअरच्या हस्ते मार्गाचं उद्घाटन झालं. बर्कले आधीच आजारी होऊन विलायतेला परतला होता आणि १८६२ मध्ये गेलाही होता. मेलेल्या मजुरांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत.

त्या हजारोंत घाटावरचे होते तसे कोकणातले होते आणि लांबलांबच्या मुलखातलेही होते. पण गाडी सुरू झाल्यावर उतरणाऱ्यांची दिशा ठरली. त्याची कारणं माथ्यावर होती. रोख सारा, सावकाराचं कर्ज, आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेला कापसाचा भाव युद्ध संपताच कोसळलेला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले. त्या दंग्यांची धग विझते न विझते तोच १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. पुणे, सातारा, नगर, सोलापूरकडची माणसं बोरघाटाने खाली येऊ लागली. कोणी गाडीने, पुष्कळजण पायी. पायी येणं पुढे अर्धशतकभर चालूच होतं. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे लहानपणी घरच्यांबरोबर मुंबईला आले ते चालतच.

मुंबईत कामांची वाटणी होती. गिरण्यांमध्ये रत्नागिरीकरांचा जोर. साहेबाच्या आणि शेटजींच्या घरी 'रामा' गडी, तोही बहुधा कोकणातला. घाटावरच्यांच्या वाट्याला गोदी, कोळसा, मशीद बंदर आणि भात बाजारातली पोती, हातगाड्या, म्हणजे निव्वळ अंगमेहनत. गिरणीतल्या कामगाराला निदान यंत्राचं नाव चिकटायचं, तो साचेवाला किंवा जॉबर व्हायचा. पाठीवर पोतं घेणाऱ्याला धंद्याचं असं नाव नव्हतं. मुकादम विचारणार, 'घाटी किती पाहिजेत?' इथे शब्दाचा अर्थ पहिल्यांदा सरकला. घाटावरून आलेला तो घाटी, याऐवजी ओझं वाहणारा तो घाटी. एका गाळ्यात वीसवीस पुरुष पाळीपाळीने झोपत, खानावळवाल्या बाईकडे जेवत आणि बायको गावी ठेवून पैसे मनिऑर्डरने पाठवत. अण्णा भाऊंच्या 'माझी मैना गावावर राहिली' या छकडीतला माणूस तो हाच.

कामाचं नाव माणसावर बसण्याचा हा प्रकार आपल्याकडेच घडला असं नाही. १८६० साली हिंदुस्थानी मजुरांचं पहिलं जहाज दक्षिण आफ्रिकेत दरबानला लागलं. कुली म्हणजे रोजावर काम करणारा. पण तीस-पस्तीस वर्षांत तिथे प्रत्येक हिंदी माणूस कुली झाला. व्यापारी असला तरी कुली व्यापारी, आणि विलायतेहून सनद घेऊन आलेले गांधी कुली बॅरिस्टर. धंदा सुटला तरी नाव सुटत नाही, अशी अवस्था आली की तो शब्द धंद्याचा राहत नाही, रक्ताचा होतो.

रक्ताची भाषा त्या काळात सरकारदरबारीही बोलली जात होती. १९०१ च्या खानेसुमारीचा प्रमुख हर्बर्ट रिस्ले हा माणसांची नाकं आणि डोकी मोजून वंश ठरवत असे. पश्चिम हिंदुस्थानातल्या मराठी ब्राह्मण-कुणब्यांना त्याने शक-द्रविड मिश्रणाच्या खान्यात टाकलं. हा सिद्धांत पुढे टिकला नाही, पण माणूस पाहून त्याची 'जात-जमात' स्वभावासकट सांगता येते ही सवय टिकली. लष्करानेही तीच रीत धरली. मुंबई लष्करात मराठा शिपायांचे दोन वेगळे वर्ग होते, 'दख्खनी मराठा' आणि 'कोकणी मराठा'. मेजर बेथमने १९०८ साली भरती अधिकाऱ्यांसाठी मराठ्यांवर एक मार्गदर्शक पुस्तकच लिहिलं. गंमत पाहा, बोरघाटाची रेषा दोन्हीकडे होती. पण पुण्याच्या छावणीत वरचा माणूस लढवय्या वंशाचा आणि मुंबईच्या धक्क्यावर तोच, किंवा त्याचा सख्खा भाऊ, ओझ्याचा घाटी. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर मराठा पलटणींना दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. एक आपल्या रायगडच्या यशवंत घाडग्यांना, मरणोत्तर, आणि दुसरा नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांना. घाटाखालचा एक, घाटावरचा एक. वंशाचा हिशेब मांडणाऱ्यांनी काय म्हणायचं ते म्हणावं.

मुंबईत मात्र शब्द आणखी पसरत गेला. गुजराती, पारशी, गोवेकर, मंगलोरी यांच्या तोंडी घाटी म्हणजे हळूहळू कोणताही मराठी माणूस. त्यात सावंतवाडीचाही आला, ज्याने जन्मात बोरघाट पाहिला नव्हता. साष्टी-वसईचे मूळचे ख्रिस्ती रहिवासी १८८७ साली 'ईस्ट इंडियन' या नावाने संघटित झाले. नोकऱ्यांच्या स्पर्धेत गोव्याहून येणाऱ्यांपासून आपण वेगळे दिसावं हा त्यातला हेतू. त्यांची घरची बोली मराठीचीच एक बोली, तरी हिंदू मराठी शेजाऱ्याला घाटी म्हणण्याची चाल त्यांच्यातही रुळली. म्हणजे भाषेचा मुद्दा नव्हता आणि भूगोलाचा तर नव्हताच. पायरी कोणती, एवढंच पाहिलं जात होतं.

ही पायरी एकदा कागदावरही आली. १९४८ साली भाषावार प्रांतांच्या आयोगापुढे मुंबई महाराष्ट्राला देऊ नये म्हणून युक्तिवाद झाले. मुंबईचा व्यापार-उदीम गुजरात्यांनी उभा केला, मराठी माणसं इथे कारकून आणि हमाल एवढीच, हा त्यातला एक. डॉ. आंबेडकरांनी आयोगाला दिलेल्या निवेदनात असे सगळे मुद्दे एकेक करून घेतले आणि खोडले. गुजराती व्यापारी मुंबईत आले ते कंपनी सरकारने दिलेल्या सवलतींमुळे, हा इतिहासही त्यांनी मांडला. आपल्याला या निवेदनाची आठवण राज्यरचनेच्या संदर्भात होते. मला त्यात 'घाटी' या शब्दाचं सभ्य कपड्यांतलं रूप दिसतं. बाजारात एका शब्दात म्हणत होते, तेच आयोगापुढे परिच्छेदात म्हटलं गेलं.

१ मे १९६० ला राज्य झालं आणि पहिला मुख्यमंत्री झाला देवराष्ट्र्याचा, म्हणजे चोख घाटावरचा, यशवंतराव चव्हाण. पुढची कित्येक वर्षं मुंबईतल्या सचिवालयावर घाटावरच्या साखर कारखान्यांचं वजन राहिलं. डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांनाही नाव मिळालं. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना यांसाठी मंडळं आली. मशीद बंदरातला घाटी कागदोपत्री माथाडी कामगार झाला. मला वाटतं, या शब्दाला मिळालेलं हे सर्वांत नेमकं उत्तर. भांडण न करता दुसरा शब्द रुजवला आणि त्याला कायद्याचा आधार दिला.

तरी घाटी मेला नाही. त्याने तिसरी उडी मारली. आता तो आवडीनिवडीचा शब्द झाला. भडक रंगाचा शर्ट घाटी, इंग्रजी बोलताना येणारा मराठी हेल घाटी, लग्नातला बँड घाटी. हे म्हणणाऱ्यांत दादर-पार्ल्याची मराठी मुलंही असतात, आणि त्यांच्या पणजोबांचं गाव वाई किंवा कऱ्हाडकडचं असू शकतं. दुसरीकडे किराणा दुकानात 'घाटी मसाला' आणि 'घाटी लसूण चटणी' अभिमानाने विकली जाते. जिभेला घाटी चालतो, कानाला चालत नाही. आणि मराठवाड्यात तर हा सगळाच वाद कोणाला कळणार नाही. छत्रपती संभाजीनगरमध्ये 'घाटीत नेलं' म्हटलं की पेशंटला सरकारी दवाखान्यात नेलं, एवढाच अर्थ.

गोव्यात शब्दाने वेगळं वळण घेतलं. तिथे 'घांटी' म्हणजे घाटापलीकडून आलेला कोणीही. बेळगाव, विजापूर, गदगकडचा कानडी बांधकाम मजूरही त्यात धरतात. १६ जानेवारी १९६७ च्या सार्वमतात गोवेकरांनी ३४,०२१ मतांच्या फरकाने महाराष्ट्रात विलीन व्हायचं नाकारलं. मोठ्या शेजाऱ्यात आपली नोकरी, जमीन आणि भाषा बुडेल, ही भीती त्यामागे होती आणि ती खोटी नव्हती. पण भीती सरकारबद्दलची असली तरी शब्द बसला तो विटा उचलणाऱ्यावर. आजही जमिनी घेणाऱ्या दिल्लीच्या बिल्डरला तिथे कोणी घांटी म्हणत नाही.

आता पुन्हा घाटाखाली येऊ. पाताळगंगेच्या काठी मोहोपाड्याच्या परिसरात साठच्या दशकात हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्सचा कारखाना उभा राहिला आणि तिथल्या वस्तीला नावच मिळालं रसायनी. या नदीला बारमाही पाणी आहे ते टाटांच्या खोपोलीच्या वीजघरामुळे. १९१५ पासून लोणावळ्याच्या तलावांचं पाणी नळांतून खाली येतं, चाकं फिरवतं आणि पाताळगंगेत पडतं. त्या पाण्यावर कारखाने आले आणि कारखान्यांबरोबर घाटावरची माणसं. इथे चित्र मुंबईच्या उलटं झालं. इथला घाटी हमाल नव्हता, तो पगारपत्रकावरचा कायम कामगार होता, कॉलनीत राहत होता. जमीन गेली होती ती आगऱ्याची, कुणब्याची, ठाकराची. पनवेल, उरणपासून खालापूरपर्यंत आगरी बोलीत 'घाटी' या शब्दाला जी धार आहे, ती या हिशेबाची आहे. वरून खाली पाहून टाकलेला तो शब्द नाही. त्यात तक्रार आहे. मुंबईतला घाटी तुच्छतेतून आला, इथला धास्तीतून. दोन्हींचा शेवट मात्र एकच, समोरच्याला त्याच्या गावावरून ओळखायचं आणि तिथेच थांबायचं.

आणि ज्यांना कालपर्यंत घाटी म्हटलं गेलं, त्यांनी या इतिहासातून काय घेतलं? १९६६ साली शिवसेना स्थापन झाली तेव्हा मुंबईतले घाटी आणि कोकणी एका झेंड्याखाली 'मराठी माणूस' म्हणून उभे राहिले. ही कमाई लहान नव्हती. पण त्याच वेळी मद्रासी, यंडुगुंडू, लुंगीवाला हे शब्द घरोघर गेले. मग पाळी आली 'भय्या'ची. उत्तरेत थोरल्या भावाला मारायची हाक मुंबईत आधी दूधवाल्याला चिकटली. पुढे टॅक्सीवाला, भाजीवाला, सुतार, रंगारी अशा प्रत्येक उत्तर भारतीयाला. २००८ मध्ये रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मार बसला, तेव्हा या शब्दाचं काय झालं आहे ते साऱ्या देशाने पाहिलं. वाटचाल तीच होती. आधी नातं किंवा वाट, मग काम, मग अख्खी जमात, आणि शेवटी शिवी. घाटीला जो प्रवास करायला शंभर वर्षं लागली, तो भय्याने चाळीस-पन्नास वर्षांत उरकला.

हिंदुस्तान ऑर्गॅनिकचा रसायनीतला कारखाना आता बंद आहे. पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीत आज बरंचसं काम ठेकेदाराकडून होतं, आणि ठेकेदाराच्या गाडीतून सकाळी उतरणारी मुलं बिहार, झारखंड, ओडिशा, बंगालची असतात. मोहोपाड्याच्या बाजारात त्या सगळ्यांना एकच नाव आहे, भय्या. बंगालीत भावाला दादा म्हणतात आणि ओडियात भाई, याची चौकशी कोणी करत नाही. आणि त्यांना भय्या म्हणणाऱ्यांत, रसायनीत तीन पिढ्या राहूनही ज्यांना शेजारी अजून घाटी म्हणतात, तेही आहेत.